नववी-दहावीच्या वर्गात ज्यूंचा संहार शिकवताना: २५ फूट सुतळी आणि दोन तासिका

दुसऱ्या महायुद्धाच्या धड्यात हा विषय दोन-चार ओळींत उरकला, की मुलांच्या डोक्यात एवढंच राहतं: हिटलर नावाच्या वेड्या माणसाने साठ लाख ज्यू मारले. एकट्या माणसाला ते जमणारं नव्हतं. त्याला कारकून लागले, शिक्के लागले, रेल्वे लागली. शिकवायचं ते हेच.

दिवस शक्यतो २७ जानेवारीचा घ्या. १९४५ मध्ये याच दिवशी सोव्हिएत फौजा पोलंडमधल्या आउशवित्झ या नाझी छावणीला पोचल्या. संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये तो स्मृतिदिन ठरवला. फक्त सुतळीवर तारखांची कार्डं टांगायची ही मांडणी २५ तारखेला करू नका. झेंडावंदनाच्या साफसफाईत ती हमखास उतरवली जाते. २६ ला कार्यक्रम आटोपला की दुपारी बांधा.

सामान साधं आहे: नाशिकच्या रविवार कारंजा किंवा भद्रकालीतून सुतळीचा एक गुंडा, कपडे वाळत घालायचे चिमटे, पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे आणि मोजपट्टी. हिटलर सत्तेवर आला तो जानेवारी १९३३ ते जर्मनी शरण आली तो मे १९४५, हे साधारण १४८ महिने. महिन्याला दोन इंच धरले की २४ फूट ८ इंच होतात. एक इंच धरलात तर १९४१-४२ ची कार्डं एकमेकांवर चढतात आणि काहीच वाचता येत नाही. वर्गात लांबी पुरत नसेल तर व्हरांड्यात खांबाला बांधा.

आता सुतळीच्या सुरुवातीच्या टोकापासूनची मापं. अर्ध्या फुटावर एप्रिल १९३३: ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार, आणि आठवड्याच्या आत त्यांना सरकारी नोकरीतून काढणारा कायदा. ५ फूट ५ इंचांवर सप्टेंबर १९३५, न्युरेंबर्गचे कायदे: नागरिकत्व गेलं, ज्यू आणि इतर जर्मनांमधल्या लग्नांवर बंदी आली. ११ फूट ८ इंचांवर नोव्हेंबर १९३८. ९ आणि १० तारखेला प्रार्थनामंदिरं जाळली, सुमारे ३०,००० पुरुषांना पकडून छावण्यांत नेलं, आणि त्याच महिन्यात ज्यू मुलांना सरकारी शाळा बंद झाल्या. पोलंडवरचा हल्ला येतो थेट १३ फूट ४ इंचांवर. इथे थांबा आणि मुलांना सुतळी बघू द्या. निम्म्याहून जास्त सुतळी युद्ध सुरू होण्याआधीच संपलेली असते. हे तोंडी सांगून पटत नाही, डोळ्यांना दिसतं.

पुढे १७ फूट ६ इंचांवर सप्टेंबर १९४१, कीवजवळची बाबी यार ही घळ: दोन दिवसांत ३३,७७१ माणसं गोळ्या घालून मारली. १८ फूट १ इंचावर २० जानेवारी १९४२: बर्लिनच्या वान्झे भागातल्या बंगल्यात पंधरा अधिकारी बसले. मारायचं की नाही, ही त्यांची चर्चा नव्हती. मारणं सुरूच होतं. कुठल्या खात्याने काय करायचं ते ठरत होतं.

दुसरी तासिका रेल्वेवर खर्च करा. जर्मन रेल्वेने या माणसांना मालडब्यात कोंबलं, पण हिशेब लावला तिसऱ्या वर्गाचा: किलोमीटरला ४ फेनिग (जर्मनीतले तेव्हाचे पैसे). दहा वर्षांखालच्या मुलांना हाफ तिकीट, चार वर्षांखालच्यांना माफ. चारशेच्या वर माणसं असली तर गट म्हणून निम्मं भाडं. नेल्या जाणाऱ्यांचं तिकीट एकेरी, पहारेकऱ्यांचं परतीचंही. लहानपणी एसटीचं हाफ तिकीट काढलेल्या मुलांना यातलं वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. बोलू नका, फळ्यावर लिहा आणि एक मिनिट जाऊ द्या.

शब्द जपून वापरा. मराठीत सरसकट ‘छळछावणी’ म्हणतात, तिथे मोठा घोळ होतो. १९३३ मधलं डाखाउ ही छळछावणी. ट्रेब्लिंका, सोबिबोर, बेल्झेक या मृत्युछावण्या. तिथे उतरलेली बहुतेक माणसं काही तासांत मारली जात. आउशवित्झमध्ये दोन्ही होतं. हातावर नंबर गोंदायची पद्धतही आउशवित्झचीच, आणि तीही कामासाठी निवडलेल्यांपुरती. गाडीतून उतरवून थेट विषारी वायूच्या कोठडीत नेलेल्यांची नोंदच होत नसे.

आकडा समजण्यासाठी २०११ ची जनगणना कामी येते. सुरगाण्यापासून नांदगावपर्यंत अख्ख्या नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा ६१ लाख होती. मारलेल्या ज्यूंमध्ये मुलं सुमारे १५ लाख. नाशिक शहराची सगळी वस्ती जवळपास तेवढी. ही तुलना एकदाच करा. वारंवार केली की ती नुसती गणिताची गंमत होऊन बसते, आणि ते फार वाईट.

दोन प्रश्न नक्की येतील. पहिला स्वस्तिकाचा. ‘त्यांचं उलटं, आपलं सुलटं’ असं उत्तर देऊ नका, ते चूक आहे. दोन्ही उजवीकडेच वळतात. नाझींचं काळं, तिरकं, लाल कापडावरच्या पांढऱ्या वर्तुळातलं; जर्मन भाषेत त्याचं नाव ‘हुकांचा क्रूस’. पक्षाने ते १९२० मध्ये घेतलं. उंबऱ्यावरच्या स्वस्तिकाची लाज वाटायचं कारण नाही, तसंच दुसऱ्याला त्या झेंड्याने का धडकी भरते हे न कळण्याचंही नाही. दुसरा प्रश्न: ‘पण हिटलर आपल्या बाजूचा होता ना?’ भारत इतर कुणापेक्षा इंग्रजांच्या ताब्यात राहिलेला बरा, असं त्याने स्वतःच्या पुस्तकात लिहून ठेवलंय. एवढं सांगा, ओरडू नका.

प्रेतांचे फोटो दाखवू नका. चौदा वर्षांचं मूल मान वळवतं किंवा हसतं, दोन्हींत धडा संपतो. मुलांना ज्यू आणि शिपाई बनवून नाटकही करू नका. कोंडलेल्यांची भूक नाटकात येत नाही, शिपायाचा रुबाब मात्र येतो.

त्याऐवजी एक रिकामा दुधाचा कॅन टेबलावर ठेवा. पोलंडमधल्या वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंसाठी भिंत घालून बंद केलेल्या वस्तीत, चार लाखांहून जास्त माणसं कोंडली होती. इमॅन्युएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराच्या गटाने तिथे ट्रामची तिकिटं, रेशनची कुपनं, मुलांचे निबंध, भिंतीवरची फर्मानं जमवली आणि पत्र्याच्या पेट्यांत व दुधाच्या कॅनमध्ये भरून पुरली. मुलांना विचारा, आपल्या घरातलं, गल्लीतलं काय पुराल? चिठ्ठ्या कॅनमध्ये टाकायला सांगा. मग सांगा की पेट्या १९४६ मध्ये सापडल्या, दोन कॅन १९५० मध्ये. पुरलेला तिसरा भाग अजून सापडलेला नाही.