पॉवर सप्लाय निवडताना वॉटच्या आकड्यावर भुलू नका

पॉवर सप्लाय म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. आधी हे भाग किती वीज ओढतात त्याची बेरीज करा. समजा, ग्राफिक्स कार्ड २०० वॉट, प्रोसेसर १२५, बाकी सगळं मिळून ७५, म्हणजे ४००. त्याची दीडपट ६००, म्हणून ६५० वॉटचा सप्लाय घ्या. ही वरची राखीव ताकद हवीच, कारण ग्राफिक्स कार्ड क्षणभर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतं आणि कमकुवत सप्लाय तेवढ्यात बंद पडतो. गेम खेळताना पीसी अचानक रीस्टार्ट होतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

मग बाजूचं लेबल वाचा, खरी गोष्ट तिथे कळते. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर १२ व्होल्टवरच चालतात, म्हणून तोच रकाना बघा. तिथे ५४ अँपिअर असेल तर १२ × ५४ = ६४८ वॉट; चोख. ६५० लिहूनही तिथे ३८ अँपिअरच असेल, तर हाती ४५६ वॉटच येतात. असा सप्लाय घेऊच नका.

डब्यावरचा ‘८० प्लस गोल्ड’ हा कार्यक्षमतेचा शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतं, टिकाऊपणा नाही. त्यासाठी तीन गोष्टी बघा: १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे कपॅसिटर (आतले वीज साठवणारे छोटे भाग); करंट किंवा व्होल्टेज प्रमाणाबाहेर गेलं किंवा शॉर्टसर्किट झालं तर संरक्षण; आणि लांब वॉरंटी.

आणि जुन्या मॉड्युलर (केबल सुट्या करता येणाऱ्या) सप्लायच्या केबल नव्याला कधीही जोडू नका! प्लग बसतो, पण पिनांची मांडणी वेगळी असू शकते. तशी असली तर हार्ड डिस्क जळू शकते.