वाऱ्याची दिशा ईएसपी३२ वर कशी घ्यावी

फवारणीआधी वारा कुठून येतो हे मोबाईलवर दिसावं, तर ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या बोर्डाला रीड स्विचचा (चुंबक जवळ आला की जुळणारा स्विच) साधा वातकुक्कुट पुरतो. त्याच्या आत आठ रेझिस्टर असतात; शेजारचे दोन स्विच एकदम जुळले की मधल्या दिशाही मिळतात, एकूण सोळा. उत्तरेला ३३ किलोओहम, पूर्वेला १, दक्षिणेला ३.९, पश्चिमेला १२०.

एक तार ग्राउंडला, दुसरी ईएसपी३२ च्या जीपीआयओ ३४ या पिनला. त्याच पिनपासून ३.३ व्होल्टला १० किलोओहमचा रेझिस्टर, ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटर. व्होल्टेजचा आकडा करणारा भाग म्हणजे एडीसी; जीपीआयओ २५ वगैरे एडीसी२ च्या पिना घेऊ नका, वायफाय चालू असताना त्या वाचता येत नाहीत.

उत्तरेला सुमारे २.५३ व्होल्ट, दक्षिणेला ०.९३ दिसावेत. खरी अडचण पूर्वेकडे: पूर्व ०.३०, तिच्या शेजारची दिशा ०.२७. पश्चिम ३.०५ म्हणजे एडीसीच्या मोजमापाच्या टोकाला. सोळाही दिशा हव्या असतील तर एडीएस१११५ ही वेगळी, जास्त अचूक एडीसी चिप लावाच. आठ पुरत असतील तर खर्च कशाला?

सरासरी काढू नका. ३५० आणि १० अंशांची सरासरी १८०, म्हणजे उत्तरेचा वारा थेट दक्षिणेचा होतो! शेवटच्या दहा नोंदींत जास्त वेळा आलेली दिशा घ्या.

तार विहिरीच्या मोटरच्या केबलला चिकटून नेऊ नका, स्टार्टर पडताच आकडे उड्या मारतात.