त्वचेसाठी सीबीडी कसे वापरावे : आधी निदान, मग लेबल, मग चाचणी

इंदूरला रामबागेत राहणाऱ्या माझ्या वहिनींच्या पोटऱ्यांना गेल्या उन्हाळ्यात सतत खाज सुटत होती. कोणीतरी सीबीडी या भांगेच्या वनस्पतीतील द्रव्याचे नाव सांगितले, म्हणून त्यांनी ऑनलाइन एक बाटली मागवली. बाटलीच्या दर्शनी बाजूस हिरवे पान आणि ‘हेंप ऑइल’ असे ठळक शब्द होते. मागच्या बाजूची बारीक अक्षरे आम्ही भिंग घेऊन वाचली, तेव्हा घटकांच्या यादीत ‘कॅनाबिस सटायव्हा सीड ऑइल’ एवढेच सापडले. ते बियांचे तेल होते आणि बियांच्या तेलात सीबीडी जवळजवळ नसतेच. तेल चांगल्या प्रतीचे होते, पण ज्या द्रव्यासाठी त्यांनी पैसे मोजले होते, ते त्यात नव्हते. अशी फसगत टाळता यावी आणि मुळात हे द्रव्य आपल्या त्वचेला हवे आहे का हे ठरवता यावे, यासाठी पुढील क्रम उपयोगी पडेल.

सीबीडी म्हणजे कॅनाबिडिऑल. भांग-गांजाच्या वनस्पतीतील हे द्रव्य १९४० मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रॉजर अ‍ॅडम्स यांनी वेगळे केले आणि १९६३ मध्ये इस्रायलमधील रफाएल मेशुलम यांनी त्याची रचना उलगडली. नशा आणणारे द्रव्य टीएचसी हे निराळे. सीबीडीने नशा येत नाही. त्वचेच्या पेशींमध्ये अशा द्रव्यांना प्रतिसाद देणारी यंत्रणा असते, म्हणून खाज, दाह आणि तेलकटपणा यांच्या संदर्भात संशोधकांचे लक्ष सीबीडीकडे वळले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हंगेरीतील संशोधनात, प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी तैलग्रंथींच्या पेशींवर सीबीडी वापरले असता तेलाची निर्मिती आणि दाह दोन्ही कमी झाल्याचे आढळले. मात्र पुढे मुरुमांच्या रुग्णांवर जी मोठी चाचणी झाली, तिच्यात सीबीडी असलेले द्रावण आणि सीबीडीविरहित द्रावण यांच्यात ठोस फरक दिसला नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सीबीडीच्या ज्या औषधाला मान्यता दिली, ते दुर्मीळ प्रकारच्या अपस्मारासाठी आहे, त्वचारोगासाठी नव्हे. त्यामुळे कोरडेपणा आणि सौम्य खाज यांत पूरक उपाय म्हणून सीबीडी वापरून पाहण्यास हरकत नाही. रोग बरा करणारे औषध म्हणून त्याकडे पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली पायरी : नेमके काय झाले आहे ते जाणून घ्यावे

सर्वाधिक नुकसान याच पायरीवर होते, म्हणून येथे थोडे थांबतो. आपल्याकडे पावसाळ्यात जांघेत, काखेत किंवा कमरेच्या नाडीखाली गोल, कडेला लालसर आणि मध्ये निवळलेले चट्टे उठतात. तो बहुधा नायटा असतो, म्हणजे बुरशीचा संसर्ग. त्यावर सीबीडीचे तेल चोळल्याने बुरशी मरत नाही. उलट कपड्याखाली तेलकट ओल राहून तिला पोषक वातावरण मिळते. त्यात कित्येक जण मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड मिसळलेले मलम आणून लावतात. त्याने दोन दिवसांत खाज थांबते, पण बुरशी आतल्या आत पसरते, चट्ट्याचा आकार बदलतो आणि पुढे डॉक्टरांनाही निदान करणे अवघड जाते. असे मलम लावत असाल, तर सीबीडी सुरू करण्याआधी ते त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. इंदूर शहरात खासगी दवाखाने पुष्कळ आहेत आणि एम. वाय. रुग्णालयात त्वचारोगाचा विभागही आहे.

इसब असेल, तर त्वचेचा ओलावा राखणे हा उपचाराचा पाया असतो आणि तेथे सीबीडीयुक्त क्रीमला थोडी जागा आहे. सोरायसिसमध्ये चालू औषधे स्वतःच्या मनाने बंद करून सीबीडीवर विसंबणे धोक्याचे ठरते. विशेषतः पोटातून घेतलेली स्टेरॉइड्स अचानक थांबवली, तर आजार उग्र रूप धारण करतो. तीळ मोठा होणे किंवा त्याचा रंग बदलणे, पू येणे, तापासोबत पुरळ उठणे, अंगावर फोड येणे ही लक्षणे दिसल्यास घरगुती प्रयोगांचा विचारही करू नये.

वहिनींच्या बाबतीत कारण वेगळेच निघाले. त्यांच्या कॉलनीत उन्हाळ्यात नर्मदेचे पाणी कमी येते आणि आंघोळीला बोरिंगचे जड पाणी वापरावे लागते. साबण त्या पाण्यात नीट फेसाळत नाही, म्हणून अधिक चोळला जातो आणि त्वचा आणखी कोरडी पडते. सौम्य साबण, कोमट पाणी आणि आंघोळीनंतर लगेच लावलेले साधे मॉइश्चरायझर एवढ्यानेच अर्धी खाज गेली. हा बदल आधी दोन आठवडे करून पाहावा. त्यानंतरही तक्रार उरली, तरच सीबीडीसाठी पैसे खर्च करावेत.

दुसरी पायरी : बाटली वाचावी

घटकांच्या यादीत ‘कॅनाबिडिऑल’ हा शब्द किंवा आयुर्वेदिक उत्पादन असल्यास ‘विजया’चा (हे भांगेचे आयुर्वेदातील नाव) अर्क असा स्पष्ट उल्लेख असावा. त्यापुढे सीबीडी किती मिलिग्रॅम आहे हे लिहिलेले असावे. हिशेब सोपा आहे : ३० मिलिलिटरच्या बाटलीत ३०० मिलिग्रॅम सीबीडी असेल, तर दर मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे १ टक्का झाले. मिलिग्रॅमचा आकडाच नसेल, तर ती बाटली परत ठेवावी.

आकडा छापला म्हणजे तो खराच असतो असेही नाही. अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी करून २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांपैकी केवळ २६ उत्पादनांत लेबलवर लिहिल्याप्रमाणे सीबीडी होते आणि १८ उत्पादनांत टीएचसी आढळले. म्हणून विक्रेत्याकडून प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल मागून घ्यावा आणि अहवालावरील बॅच क्रमांक बाटलीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा. अहवालात सीबीडी आणि टीएचसी यांच्याबरोबर जड धातू व कीटकनाशके यांचीही तपासणी केलेली असावी, कारण ही वनस्पती मातीतील जड धातू सहज शोषून घेते.

‘फुल स्पेक्ट्रम’ म्हणजे वनस्पतीतील इतर द्रव्यांसह टीएचसीचा अंश असलेला अर्क, ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ म्हणजे टीएचसी काढून टाकलेला अर्क आणि ‘आयसोलेट’ म्हणजे केवळ सीबीडी. संवेदनशील त्वचेसाठी सुगंधविरहित आयसोलेट निवडावे; अर्कातील लिमोनीन, लिनालूल यांसारखी सुगंधी द्रव्ये हवेच्या संपर्काने बदलतात आणि अ‍ॅलर्जी आणू शकतात. मुरुमे येणाऱ्या चेहऱ्यावर खोबरेल तेलात मिसळलेले सीबीडी लावू नये.

येथे कायद्याचाही उल्लेख करायला हवा. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात चरस आणि गांजा येतात. शेंड्यांपासून वेगळी केलेली पाने आणि बिया त्या व्याख्येबाहेर आहेत, म्हणूनच मध्य प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकाने दिसतात. आपल्याकडील सीबीडीची उत्पादने बहुधा आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर विकली जातात, तेव्हा लेबलवर परवाना क्रमांक आहे का ते पाहावे. अमेरिकेतील नातेवाइकांकडून बाटली मागवू नये, कारण तेथे चालणारा टीएचसीचा अंश येथे अडचणीत आणू शकतो. उज्जैन-इंदूरकडे भांग घरोघरी परिचयाची असल्यामुळे पाने वाटून लेप लावण्याचा सल्लाही मिळतो. तो मानू नये. पानांत कोणते द्रव्य किती आहे याचा अंदाज घरी बसून येत नाही.

तिसरी पायरी : हातावर चाचणी

कोपराच्या आतल्या बाजूस, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर उत्पादनाचा पातळ थर सकाळ-संध्याकाळ लावावा आणि हे सात दिवस करावे. एका दिवसाची चाचणी पुरेशी नसते, कारण संपर्काची अ‍ॅलर्जी कित्येकदा दोन-तीन दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा उमटते. लाली, बारीक पुरळ किंवा आग जाणवल्यास जागा धुऊन वापर थांबवावा. गर्भवती व स्तनदा स्त्रियांनी सीबीडी वापरू नये. लहान मुलांना ते डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लावू नये.

चौथी पायरी : रोजचा वापर

आंघोळीनंतर अंग टिपून घ्यावे, खसाखसा पुसू नये, आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच क्रीम लावावे. प्रमाणासाठी तर्जनीचे टोक हे चांगले माप आहे : ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेरावर काढलेली एक रेघ म्हणजे प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ती बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. पापण्या, ओठ, ओली जखम आणि खाजवून सोललेली त्वचा वगळावी. डॉक्टरांनी दिलेले मलम चालू असेल, तर ते आधी लावावे, काही वेळ जाऊ द्यावा आणि मगच सीबीडीचे क्रीम लावावे. एका वेळी दोन नवी उत्पादने सुरू करू नयेत, नाहीतर गुण कशाचा आणि त्रास कशाचा हे कळत नाही.

एक वही ठेवावी. रोज रात्री खाजेला शून्य ते दहामध्ये एक आकडा द्यावा आणि आठवड्यातून एकदा त्याच खिडकीजवळ, त्याच उजेडात त्या जागेचा फोटो काढावा. चार ते सहा आठवड्यांत आकडा खाली आला नाही, तर बाटली संपेपर्यंत वापरत राहण्यात अर्थ नाही. साध्या मॉइश्चरायझरवर परत यावे.

बाटली कपाटात, अंधाऱ्या आणि थंड जागी ठेवावी. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीच्या वर जातो आणि न्हाणीघराच्या खिडकीत ठेवलेले तेल थोड्याच दिवसांत खवट होते. जुन्या रंगासारखा किंवा शिळ्या शेंगदाण्यासारखा वास येऊ लागला, तर तारीख शिल्लक असली तरी ते तेल त्वचेवर लावू नये.