प्रशिक्षण केंद्रात रुजू होण्यापूर्वी : नवप्रविष्ट पोलीस शिपायाची तयारी

निवड यादीत नाव आले, वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी पार पडली, की घरी पेढे वाटले जातात आणि मैदानावरचा सराव त्याच आठवड्यात बंद होतो. तो बंद करू नये, हे कोणीही सांगेल. मात्र भरतीसाठी केलेली तयारी आणि प्रशिक्षण केंद्रात लागणारी तयारी यांत बराच फरक आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यात पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावणे, शिवाय दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. सगळी ताकद काही मिनिटांत ओतायची आणि घरी परतायचे, असा तो मामला आहे. केंद्रात पहाटेच्या पीटीपासून रात्रीच्या हजेरीपर्यंत शरीर थोडेथोडे पण सलग खर्ची पडते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच असते. आमच्या तुकडीत भरतीला सर्वांत जोरात धावलेली काही मुले पहिल्याच महिन्यात नडग्या धरून बसली होती, तर जेमतेम गुण मिळवून आलेली पण वर्षानुवर्षे शेतात राबलेली मुले शेवटपर्यंत रांगेत टिकली. म्हणून पुढील यादीत वेगाबद्दल फारसे काही नाही. पायांबद्दल, अक्षराबद्दल आणि घरच्या व्यवस्थेबद्दल बरेच आहे.

कागदपत्रांचे काम सर्वांत आधी उरकून टाकावे. नियुक्ती ज्या घटकात झाली, म्हणजे जिल्हा पोलीस अधीक्षक किंवा पोलीस आयुक्तालयाच्या आस्थापनेवर, तेथे प्रथम रुजू व्हायचे असते आणि तेथून तुकडी ठरवून दिलेल्या केंद्राकडे रवाना होते. उपनिरीक्षक नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत जातात. शिपायांच्या वाट्याला खंडाळा, मरोळ, नागपूर, जालना, अकोला, लातूरजवळचे बाभळगाव, सांगली जिल्ह्यातील तुरची यांसारखी केंद्रे येतात आणि त्यांत आपली निवड चालत नाही. मूळ प्रमाणपत्रे एका फायलीत आणि साक्षांकित प्रतींचे संच दुसऱ्या फायलीत ठेवावेत, कारण मूळ कागद हातातून सुटला की तो कोणत्या टेबलावर आहे हे शोधण्यात अर्धा दिवस जातो. दहावीचे प्रमाणपत्र, आधार, पॅन आणि बँकेचे पासबुक यांवरील नावात एका अक्षराचा जरी फरक असेल, तरी तो घरी असतानाच दुरुस्त करून घ्यावा. एकदा सेवापुस्तक उघडले आणि वेतनाचे देयक निघू लागले, की ही किरकोळ चूक पगार अडवते. जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर, खेळाडू किंवा प्रकल्पग्रस्त दाखला यांपैकी जे लागू असेल त्याची मुदत पाहून घ्यावी.

पायांची तयारी किमान दोन महिने आधी सुरू व्हावी. हलक्या बुटांत मऊ मातीवर धावण्याची सवय झालेला पाय कवायतीच्या जड, ताठ बुटात जातो आणि कडक मैदानावर टाच आपटू लागतो, तेव्हा आधी टाचेच्या मागे फोड येतो, मग करंगळीवर, आणि त्या फोडाला सांभाळत वाकडे चालल्यामुळे गुडघा दुखू लागतो. यासाठी घरी असतानाच जाड तळव्याचे, घोटा झाकणारे बूट घालून रोज तासभर चालावे, नंतर त्यातच हळू धावावे आणि कातडी टणक होऊ द्यावी. बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण दिवसभराच्या वावराने पाय किंचित फुगलेला असतो आणि सकाळी बरोबर बसलेला बूट दुपारी चावतो. मोजे सुती किंवा लोकरमिश्रित घ्यावेत आणि जोड्या भरपूर ठेवाव्यात. खंडाळ्यासारख्या ठिकाणी पावसाळ्यात आठवडाभर काही वाळत नाही आणि ओल्या मोज्यात बोटांच्या बेचक्या चिघळतात. नखे सरळ कापावीत, कडांनी गोल कोरू नयेत. नडगीच्या आतल्या बाजूला बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल, तर ती नुसती थकवा म्हणून अंगावर काढू नये. तशीच परेड करत राहिल्यास हाडाला बारीक चीर जाऊ शकते आणि मग अनेक आठवडे बाहेर बसावे लागते. सिक रिपोर्टमध्ये, म्हणजे आजाऱ्यांच्या नोंदीत, नाव गेले तर उस्ताद, म्हणजे कवायत शिकवणारे प्रशिक्षक, काय म्हणतील, या धास्तीने मुले दुखणे लपवतात. उस्ताद दोन शब्द बोलतातच, पण चीर गेल्याने वाया जाणाऱ्या आठवड्यांपुढे त्या बोलण्याचे काहीच नाही.

उरलेल्या शरीरासाठी फार सांगण्यासारखे नाही. दोरावर चढणे, अडथळ्यांची शर्यत आणि रायफल हातात धरून धावणे यांसाठी खांदे, मनगटे आणि पोटाचे स्नायू लागतात, म्हणून धावण्याचे दोन दिवस कमी करून त्या दिवशी दंड, बैठका आणि बारला लोंबकळणे करावे. उभे राहण्याचा सराव कोणी करत नाही, तोही करावा. टाचा जोडून, गुडघे अगदी ताठ न आवळता, उन्हात वीस मिनिटे न हलता उभे राहून पाहिले म्हणजे परेडमध्ये मुले चक्कर येऊन का पडतात ते कळते. मुलींनी रक्तातील हिमोग्लोबिन आधीच तपासून घ्यावे, कारण पहाटेचे कष्ट सुरू झाल्यावर ते भरून काढणे कठीण जाते. पाळीच्या दिवसांत पीटीचे काय, हे महिला उस्तादांना पहिल्याच आठवड्यात स्पष्ट विचारावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. विदर्भ-मराठवाड्यातील केंद्रावर उन्हाळ्यात जाणाऱ्याने पाणी थोडेथोडे, वरचेवर पिण्याची सवय लावून घ्यावी.

गणवेशाच्या बाबतीत बहुतेक मुले आईवर अवलंबून असतात आणि ती सवय बॅरेकमध्ये पहिल्याच रात्री उघडी पडते. बटण टाकणे, धार पाडून इस्त्री करणे, मच्छरदाणीची व अंथरुणाची चौकोनी घडी घालणे, पितळी बक्कल ब्रासोने चमकवणे आणि बूट पॉलिश करणे ही पाच कामे घरी हात बसेपर्यंत करावीत. बुटाच्या टोकाची चमक जोरात ब्रश मारून येत नाही. आधी पॉलिशचा पातळ थर देऊन तो सुकू द्यायचा असतो, मग बोटाला गुंडाळलेल्या मऊ फडक्यावर पाण्याचे दोन-चार थेंब आणि नखभर पॉलिश घेऊन टोकावर लहान लहान वर्तुळे काढत राहायची असतात. सुरुवातीला ते टोक धुरकट होते आणि आपण बिघडवून ठेवले असे वाटते. मग तीन-चार थरांनंतर एकाएकी त्यात बल्ब दिसू लागतो. हे शिकलेला मुलगा सकाळी अर्धा तास जास्त झोपतो. केंद्रात त्या अर्ध्या तासाची किंमत फार असते आणि टर्नआउट, म्हणजे गणवेशाच्या नीटनेटकेपणाच्या, तपासणीत नाव पुकारले गेले नाही, तर रगडाही, म्हणजे शिक्षेचा व्यायामही, वाचतो.

कवायतीसाठी घरी उत्तम परेड शिकून जाण्याची गरज नाही. उलट एखाद्या भरती अकॅडमीत चुकीची बसलेली लकब मोडताना उस्तादांना आणि प्रशिक्षणार्थ्याला दोघांनाही त्रास होतो. मात्र ‘दाहिने मूड’, ‘बाये मूड’, ‘पीछे मूड’, ‘तेज चल’, ‘थम’ हे हुकूम कानावर पडताच डोक्यात भाषांतर न करता अंग हलले पाहिजे, एवढे कान तयार करून जावेत. अजून एक तपासणी आरशासमोर करता येते. साधे चालताना डाव्या पायाबरोबर उजवा हात आपोआप पुढे जातो, पण हुकुमावर चालताना काहींचे हात-पाय एकाच बाजूचे पुढे येतात आणि लक्ष दिले की आणखी बिघडते. प्रत्येक तुकडीत असे दोघे-तिघे निघतात, उस्ताद त्यांना बाहेर काढून सगळ्यांसमोर चालवतात, आणि त्या हशात ते अधिकच गोंधळतात. ज्याला आपल्यात हा दोष दिसेल त्याने घरीच मोजून, सावकाश चालून तो घालवावा.

आंतरवर्गाकडे, म्हणजे वर्गात बसून शिकायच्या कायद्यासारख्या विषयांकडे, मुलांचे सर्वाधिक दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते नोकरीत सर्वाधिक उपयोगाचा भाग तोच आहे. तालुक्या-तालुक्यात निघालेल्या भरती अकॅडमी १६०० मीटरची वेळ सेकंदाने कमी करून देतात, पण कायद्याचे एक कलम शांतपणे वाचायला शिकवत नाहीत. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्याच्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. म्हणून थोरल्या भावाची किंवा गावातल्या हवालदारांची जुनी पुस्तके उचलून नेऊ नयेत. तरीही जुने क्रमांक पूर्ण विसरून चालत नाही, कारण त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनाच दंडविधान लागू होतो आणि ठाण्यातील बोलण्यात ‘तीनशे दोन’ अजून खुनासाठीच वापरले जाते. नव्या संहितेत खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे, चोरी ३०३ मध्ये, फसवणूक ३१८ मध्ये. आणि कलम ३०२ हे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने काढलेल्या उद्गारांविषयी आहे. परीक्षेत इथेच पुष्कळ जण फसतात.

रुजू होण्यापूर्वी सगळी कलमे पाठ करण्याचा अट्टाहास नको. दखलपात्र आणि अदखलपात्र, जामीनपात्र आणि अजामीनपात्र हे भेद, तसेच नागरिक सुरक्षा संहितेतील मोजकी कलमे समजून घेतली तरी पुरे: प्रथम खबरीचे कलम १७३, वॉरंटशिवाय अटकेचे ३५, अटकेची कारणे सांगण्याचे ४७, नातेवाइकांना कळवण्याचे ४८, आणि चोवीस तासांपेक्षा जास्त ताब्यात न ठेवण्याचे ५८. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करण्याबाबतचे निर्बंध कलम ४३ मध्ये आहेत. ही कलमे आरोपीच्या बाजूची आणि म्हणून आपल्या विरोधातली, असे समजणारी मुले वर्गात भेटतात. मी त्यांच्याशी वाद घालत नसे. अटकेची नोंद अपुरी राहिली तर न्यायालयात उत्तर देताना ती ज्याने केली तोच उभा असतो, एवढे त्यांना पहिल्या साक्षीत समजेल.

कलमांपेक्षा कठीण जातो तो पंचनामा. त्यासाठी लागते सुवाच्य अक्षर, दिशांचे भान आणि दिसले तेवढेच लिहिण्याचा संयम. घरी याचा सराव सहज करता येतो. आपल्याच स्वयंपाकघराचा पंचनामा लिहावा: ‘सदर खोलीस पूर्वाभिमुख लाकडी दरवाजा असून तो आतील बाजूस उघडतो, दरवाजातून आत प्रवेश करता डाव्या हातास उत्तर-दक्षिण असा सिमेंटचा ओटा आहे’, अशा पद्धतीने, टेपने अंतरे मोजून. मग तो कागद ते घर कधीही न पाहिलेल्या मित्राकडे द्यावा आणि त्यावरून नकाशा काढायला सांगावे. त्याने शेगडी खिडकीबाहेर काढली तर लिहिण्यात कुठे गफलत झाली ते लगेच सापडते. ‘बहुधा’, ‘असावे’, ‘वाटते’ हे शब्द त्या कागदातून शोधून खोडावेत. नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रीकरणही करावे लागते, त्यामुळे लिहिलेले आणि कॅमेऱ्यात दिसलेले जुळले पाहिजे, ही जबाबदारी वाढली आहे. सोबत युनिकोड मराठी टंकलेखन शिकून गेलेल्याला पुढे पोलीस ठाण्यात सीसीटीएनएसच्या, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींच्या संगणक प्रणालीच्या, कामात फार सोपे जाते.

शस्त्रांची तयारी आधी करता येत नाही आणि करण्याचा प्रयत्नही करू नये. इन्सास किंवा एसएलआर रायफल कोतातून, म्हणजे शस्त्रागारातून, हातात येईल तेव्हा उस्ताद शून्यापासून शिकवतात, रिकामे असले तरी भरलेले समजून तपासायला लावतात, आणि गोळीबाराच्या दिवशी दस्ता खांद्यात घट्ट न दाबणाऱ्याला धक्का कसा बसतो ते शब्दांत सांगावे लागत नाही. डोळ्यांची तपासणी मात्र पुन्हा एकदा करून घ्यावी आणि नेम धरताना आपला कोणता डोळा प्रमुख आहे, हे पाहून ठेवावे.

घरची व्यवस्था ही यादीतील सर्वांत अवघड बाब आहे. प्रशिक्षणात वेतन सुरू असते; शिपायाची वेतनश्रेणी एस-७, म्हणजे मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून, आणि त्यातून मेसचा खर्च व इतर कपाती जातात. पहिला पगार कागदपत्रांमुळे उशिरा येण्याची शक्यता असते, म्हणून दोन महिन्यांच्या खर्चाचे पैसे जवळ असावेत. नोकरी लागली या आनंदात घरच्यांनी लगेच कर्ज काढून गाडी घेणे किंवा बहिणीच्या लग्नाची तारीख प्रशिक्षणाच्या मध्यावर धरणे, हे दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत. रजेचा अर्ज हातात घेऊन कार्यालयाबाहेर ताटकळणाऱ्या मुलाकडे पाहवत नाही. केंद्रात रजा सहज मिळत नाही हे आईवडिलांना समोर बसवून सांगावे. मोबाइल ठरावीक वेळीच हातात येतो, त्यामुळे दिवसा फोन लागला नाही म्हणून काळजी करू नये, आणि तातडीच्या निरोपासाठी केंद्राचा क्रमांक घरात लिहून ठेवावा. गणवेशातील छायाचित्रे आणि रील समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह आतापासूनच आवरावा. रुजू झालेल्या दिवसापासून महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आपल्यालाही लागू असतात.

शेवटच्या आठवड्यात नवीन काही सुरू करू नये. केस बारीक कापून घ्यावेत, दातांचे काही दुखणे असेल तर ते उरकावे, नेहमीची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी बॅगेत वरच्या बाजूला ठेवावी. लोखंडी ट्रंकेला दोन किल्ल्यांचे कुलूप घ्यावे आणि दुसरी किल्ली घरी ठेवू नये, पाकिटात ठेवावी; बॅरेकमध्ये किल्ली हरवते ती नेमकी परेडच्या दहा मिनिटे आधी. नवीन बूट मात्र बॅगेत भरू नयेत, प्रवासात ते पायातच असावेत.