स्ट्रायकरने क्लब सोडला, वर देशही बदलला: आता यावर भांडायचं कसं

भांडू नका असं सांगायला मी हे लिहीत नाहीये. फुटबॉल बघायचा आणि भांडायचं नाही म्हणजे मिसळ घ्यायची आणि वर तर्री नको म्हणायचं. पण एखादा स्ट्रायकर क्लब बदलतो, त्यात देशही बदलतो, तेव्हा कट्ट्यावर जे काही चालतं ना, त्यात तीन वेगळी भांडणं एकमेकांत घुसलेली असतात. नियमात बसतं का हे एक, पैशाचं नक्की काय झालं हे दुसरं, आणि हा माणूस आपल्याला आवडतो का हे तिसरं. मग दोन तासांनी कळतं की एकजण नियमावर बोलत होता, दुसरा मनातलं बोलत होता आणि तिसऱ्याला फक्त चेल्सीला शिव्या द्यायच्या होत्या. तर ही तीन भांडणं सुटी करायची, एवढंच मला सांगायचंय, आणि त्यासाठी ब्राझीलमध्ये जन्मून स्पेनकडून खेळलेल्या दिएगो कोस्टासारखी दुसरी केस नाही, त्यामुळे त्यालाच धरून बोलू.

पहिलं काम म्हणजे तारखा. तोंड उघडायच्या आधी मोबाईलच्या नोट्समध्ये ओळीने तारखा लिहा, खरंच लिहा, कारण अर्धे वाद तिथेच मिटतात. कोस्टाचं बघा. जन्म 1988, ब्राझीलच्या सर्जिपे राज्यातलं लागार्तो गाव. (बापाने नाव ठेवलं मॅराडोनावरून, ब्राझीलमध्ये राहून! म्हणजे गडबड पहिल्यापासूनच होती.) 2006 मध्ये सतरा वर्षांचा असताना पोर्तुगालला ब्रागाकडे गेला, तिथून अॅटलेटिको माद्रिद, मग लोनवर (म्हणजे काही काळापुरता दुसऱ्या क्लबला दिलेला) इकडे तिकडे, सेल्टा, अल्बासेटे, मध्ये वायादोलिदला विकला, परत आणला, 2011 ला गुडघा गेला, 2012 ला रायो वायेकानोला लोनवर जाऊन गोल मारायला लागला. थोडक्यात, ब्राझीलमध्ये मोठ्या लेव्हलला तो तोपर्यंत खेळलाच नव्हता. मार्च 2013 मध्ये ब्राझीलने बोलावलं, दोन मॅच खेळला, दोन्ही फ्रेंडली, एक इटलीशी जिनिव्हात आणि एक रशियाशी लंडनमध्ये, आणि ती लंडनची मॅच कुठे होती तर स्टॅमफर्ड ब्रिजवर, म्हणजे इंग्लंडच्या चेल्सी क्लबच्या मैदानावर, जिथे पुढच्याच वर्षी तो चेल्सीचा हिरो झाला. जूनमध्ये कॉन्फेडरेशन्स कप होता, ब्राझीलचा कोच स्कोलारीने टीममध्ये घेतलं नाही. जुलैमध्ये स्पेनचं नागरिकत्व मिळालं. मग सीझन सुरू झाला, हा धडाधड गोल मारायला लागला, स्पेनने हालचाल केली आणि तेव्हा कुठे स्कोलारीला हा परत आठवला. ऑक्टोबर 2013 ला कोस्टाने लेखी कळवलं की मी स्पेनकडून खेळणार. स्कोलारी भडकला, म्हणाला की आपल्याच देशात वर्ल्ड कप असताना लाखोंच्या स्वप्नाकडे हा पाठ फिरवतोय.

आता या तारखा समोर ठेवून सांगा, कोणी कोणाला सोडलं? माझं मत स्पष्ट आहे, जूनमध्ये ज्याला घरी बसवलं त्याने ऑक्टोबरमध्ये दुसरं घर बघितलं तर रडायचं कशाला. पण तुम्हाला उलटं वाटत असेल तरी चालेल, फक्त तारखा खऱ्या घ्या. "ब्राझीलने मोठा केला आणि ऐनवेळी पळाला" हे वाक्य या तारखांसमोर टिकत नाही. "ब्राझीलची जर्सी एकदा घातली होती ना, मग पुरे" हे टिकतं, कारण ते मनातलं आहे, त्यावर कोणी काय बोलणार.

दुसरं काम नियम. इथे सगळ्यात जास्त थापा चालतात. "फिफाला पैसे चारले असणार" असं म्हणणारा एक तरी प्रत्येक ठिकाणी भेटतोच. तर फ्रेंडली मॅच खेळून कोणी देशाला बांधला जात नाही. वर्ल्ड कप क्वालिफायर, युरो, नेशन्स लीग असली ऑफिशियल मॅच सीनियर टीमकडून खेळलात तर बांधले जाता. कोस्टाच्या दोन्ही मॅच फ्रेंडली, म्हणून तो मोकळा होता. विल्फ्रेड झाहा इंग्लंडकडून दोन फ्रेंडली खेळून आयव्हरी कोस्टला गेला, डेक्लन राईस आयर्लंडकडून तीन फ्रेंडली खेळून इंग्लंडला आला, सगळं याच दारातून.

मग प्रश्न येतो की स्पेनशी याचा संबंध काय, ना आजी स्पॅनिश ना आजोबा. त्यालाही नियम आहे. कोस्टाच्या वेळी तो असा होता की जन्म, आईबाप, आजीआजोबा यातलं काहीच नसेल तर अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर त्या देशात सलग पाच वर्षं राहिलेलं लागायचं. हे फिफाचं. स्पेन सरकारचं वेगळं, लॅटिन अमेरिकेतल्या माणसाला तिथे दोन वर्षं कायदेशीर राहिल्यावर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. लोक या दोन गोष्टी एकच समजून भांडतात. पासपोर्ट मिळाला म्हणजे जर्सी मिळाली असं नाही, दोन्ही खिडक्यांवर वेगवेगळे कागद लागतात.

आणि नियम कुठल्या वर्षीचा हे बघायला विसरू नका, कारण तो बदलत राहतो. पुस्कास 1954 चा वर्ल्ड कप हंगेरीकडून खेळला आणि 1962 चा स्पेनकडून. अल्ताफिनी 1958 ला ब्राझीलबरोबर वर्ल्ड कप जिंकला, मिलानला गेला आणि 1962 ला इटलीकडून उतरला. आज हे होऊच शकत नाही, त्यामुळे "पुस्कासला चाललं मग याला का नाही" हा मुद्दा आणू नका, तोंडावर पडाल.

नियम किती निर्दयी असू शकतो हे बघायचं असेल तर मुनीर एल हद्दादी. हाही फॉरवर्डच, बार्सिलोनाचा. सप्टेंबर 2014, वय 19, स्पेनची मॅसेडोनियाशी युरो क्वालिफायर, स्पेन आरामात जिंकतंय, 77 व्या मिनिटाला याला आत सोडला. तेरा मिनिटं खेळला. झालं, ऑफिशियल मॅच, अडकला. स्पेनने परत कधी खेळवलं नाही आणि मोरोक्कोकडून 2018 चा वर्ल्ड कप खेळायचा तर दार बंद, क्रीडा लवादापर्यंत गेला तिथेही नाही म्हणाले. सप्टेंबर 2020 ला फिफाने नियम सैल केला. एकवीस वर्षांच्या आत जास्तीत जास्त तीन ऑफिशियल मॅच खेळलेल्या असतील, शेवटच्या मॅचला तीन वर्षं झाली असतील, आणि वर्ल्ड कप, युरो किंवा आफ्रिका कप असल्या मुख्य स्पर्धेत उतरलेला नसेल, तर देश बदलता येतो. (शिवाय ती पहिली मॅच खेळताना दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आधीपासून असावं लागतं, हे कलम सगळे विसरतात.) मुनीर 2021 ला मोरोक्कोकडून खेळला. तेरा मिनिटांसाठी साडेसहा वर्षं. कोणी "हे प्लेअर लोक देश कपड्यासारखे बदलतात" म्हणालं की त्याला शांतपणे मुनीरची गोष्ट सांगा.

आता ट्रान्सफर. इथे एक सवय लावून घ्या, आकडा ऐकला की लगेच विचारायचं, हा आकडा कोणी सांगितला? एजंट मोठा आकडा सोडतो, विकणारा क्लब अॅड-ऑन (म्हणजे पुढे अटी पूर्ण झाल्या तरच मिळणारे जादा पैसे) धरून सांगतो, घेणारा क्लब अॅड-ऑन सोडून सांगतो, आणि तिघंही आपापल्या जागी खरे असतात. त्यातल्या त्यात भरवशाचं म्हणजे शेअर बाजारात लिस्ट असलेले क्लब. पोर्टो, बेनफिका, स्पोर्टिंग यांना मोठा प्लेअर विकला की पोर्तुगालच्या बाजार नियामकाला कळवावं लागतं, जर्मनीच्या डॉर्टमुंडलाही जाहीर करावं लागतं. तो कागद मिळाला तर बाकीचं ऐकायची गरज नाही. क्लबने आकडाच जाहीर केला नसेल तर "साधारण" म्हणायला शिका, त्याने कोणाची इज्जत जात नाही.

कोस्टाच्या बाबतीत अजून एक गंमत आहे. "अॅटलेटिकोने नुकताच लीग जिंकून दिलेला माणूस पैशासाठी विकला" असं 2014 ला खूप ऐकलं. त्या सीझनला त्याने लीगमध्ये 27 गोल मारले होते, त्यामुळे फॅन चिडणार हे साहजिक आहे. पण स्पेनमध्ये प्लेअरच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये सुटकेची रक्कम लिहिलेली असते, 1985 च्या सरकारी आदेशापासून ही पद्धत आहे. ती रक्कम भरली आणि प्लेअर जायला तयार असला की क्लब हात चोळत बसतो. चेल्सीने साधारण 32 मिलियन पाउंडची ती रक्कम भरली. म्हणजे अॅटलेटिकोला शिव्या द्यायच्याच असतील तर रक्कम एवढी कमी का लिहिली म्हणून द्या, विकला म्हणून नको.

तीन वर्षांनी उलटा प्रवास झाला तो अजून भारी. चेल्सीने 2017 ची लीग जिंकली, कोस्टाचे 20 गोल, आणि जूनमध्ये चेल्सीचा तेव्हाचा कोच कोंतेने त्याला मेसेज टाकला की पुढच्या सीझनला तू माझ्या प्लॅनमध्ये नाहीस. भाऊ सरळ लागार्तोला जाऊन बसला, परतच येईना. अॅटलेटिकोकडे जायचं तर त्यांच्यावर नवीन प्लेअर रजिस्टर करायची बंदी, जानेवारी 2018 पर्यंत. सौदा सप्टेंबरमध्ये झाला, खेळायला मिळालं जानेवारीत. आणि आल्या आल्या काय केलं, तर 6 जानेवारीला हेताफेविरुद्ध गोल मारला, आनंदात थेट स्टँडमधल्या फॅनमध्ये घुसला, आधी एक पिवळं कार्ड होतंच, दुसरं मिळालं आणि बाहेर! म्हणजे गोल आणि रेड कार्ड एकाच सेलिब्रेशनमध्ये. या माणसावर निष्ठेचा वाद घालताना हा सीन लक्षात ठेवा, कारण "याला कशाचंच काही पडलेलं नाही, फक्त पैसा" म्हणणाऱ्याला हे कसं बसवायचं ते कळत नाही.

आता तिसरं भांडण, मनाचं. इथे नियमाचं पुस्तक बंद करा. कायद्याने बरोबर असलेली गोष्ट लोकांना झोंबू शकते आणि झोंबली तर ते चुकले असं होत नाही. 2014 चा वर्ल्ड कप ब्राझीलमध्ये, स्पेनची पहिली मॅच साल्व्हादोरला नेदरलँड्सशी, आपल्याकडे रात्री साडेबाराला. कोस्टाच्या पायाला बॉल लागला की अख्खं स्टेडियम हुर्यो उडवत होतं. त्याने पेनल्टी मिळवून दिली, शाबी अलोन्सोने मारली, स्पेन 1-0. आणि मग जे काही झालं, नेदरलँड्सच्या व्हॅन पर्सीचं ते हेडर, स्पेन 5-1 ने हरलं. पुढे चिलीने माराकानावर 2-0 हरवून चॅम्पियनला घरी पाठवलं. कोस्टाचा एकही गोल नाही. इकडे ब्राझीलचा नऊ नंबर होता फ्रेड, त्याचा अख्ख्या स्पर्धेत एक गोल. दोन्हीकडच्या फॅनला "बघ, मी म्हटलं नव्हतं" म्हणायची सोय नाही, असं क्वचित होतं.

या भागात बोलताना "मला" हा शब्द वापरायचा. "मला नाही पटलं" म्हणा. "हे चूक आहे" म्हटलं की समोरचा परत नियम काढतो आणि तुम्ही फिरून पहिल्या भांडणात. आणि मनाचं मत बदलायला मुभा ठेवा, ब्राझीलवाल्यांनी ठेवलीच की, 2021 ला हाच कोस्टा अॅटलेटिको मिनेरोकडून खेळायला गेला आणि त्या वर्षी मिनेरोने ब्राझीलची लीग जिंकली, तेव्हा मिनेरोच्या फॅननी काही त्याला 2014 विचारलं नाही. कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये पाटाकडील तालमीचा पोरगा पुढच्या सीझनला दिलबहार तालमीकडून उतरला तर पेठेत काय काय बोललं जातं ते ज्यांना माहितीये त्यांना हे वेगळं समजवायला नको.

एक रेघ मात्र आखा. पहिल्या टचवर, गोल हुकवण्यावर, डाईव्ह मारण्यावर काय ते बोला (कोस्टावर तर बोलायलाच पाहिजे, डिफेंडरला चिमटे काढणारा माणूस होता तो). रंग, धर्म, आई, बायको यावर कोणी गेलं की तिथेच थांबवायचं, समोरचा आपल्याच टीमचा असला तरी, किंबहुना आपल्याच टीमचा असला तर आधी. आणि गद्दार हा शब्द महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत इतका घासलाय की त्यात आता दम राहिलेला नाही, दुसरं काहीतरी शोधा.

शेवटी हे सगळं भारतावर लावून बघा, कारण कोणीतरी हमखास म्हणतं की "मग आपण पण घ्या ना परदेशातले, इतके स्ट्रायकर पडलेत". इथे आपलीच अडचण आहे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही आणि ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) भारताकडून खेळता येत नाही, भारतीय पासपोर्टच लागतो. म्हणजे आधीचा पासपोर्ट सोडायचा. अराता इझुमीने ते केलं, आई जपानी, वडील भारतीय, पुणे एफसीकडून खेळायचा, जपानचं नागरिकत्व सोडून 2013 ला भारताकडून उतरला. रायन विल्यम्सने 2025 ला ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला, त्याची आई मूळची मुंबईची. ऑस्ट्रेलियाकडून तो 2019 ला एक मॅच खेळला होता.

ती मॅच फ्रेंडली होती का ऑफिशियल, हे पुढच्या वेळी कट्ट्यावर कोणाला तरी विचारा. जो लगेच उत्तर न देता आधी मोबाईल काढून तारीख बघेल, त्याच्याशी रात्रभर भांडायला हरकत नाही.