कोल्हापुरात घर घेताय? बुकिंगआधी साइटचा ले-आउट असा तपासा

फ्लॅट बघायला गेलेलं कुटुंब हॉल किती मोठा, किचन ओटा कुठल्या बाजूला, देवघर पूर्वेला येतं का, हे अर्धा तास बघतं. साइटचा ले-आउट, म्हणजे जमिनीवर इमारती, रस्ते आणि मोकळी जागा कुठे ते दाखवणारा नकाशा, भिंतीवर लावलेला असतो, त्याकडे क्वचित कुणी वळतं. आतली भिंत पुढे हलवता येते, ओटा बदलता येतो. जमिनीचा उतार, शेजारचा नाला आणि गेटपर्यंतचा रस्ता मात्र जन्मभर आहे तसाच राहतो. म्हणून आधी ले-आउट बघा, मग फ्लॅट. हे काम सामान्य माणसाला जमतं. एक टेप, एक पट्टी आणि एक रविवार पुरतो.

कागद कोणता हातात घ्यायचा

ब्रोशरमधलं रंगीत चित्र बाजूला ठेवा. त्यातली झाडं आणि कारंजी कुणालाही बांधील नसतात. मंजुरीचा शिक्का असलेला ले-आउट मागा. महापालिकेच्या हद्दीत मंजुरी नगररचना विभागाची असते, तर पाचगाव, मोरेवाडी, उजळाईवाडीसारख्या हद्दीबाहेरच्या भागात कोल्हापूर क्षेत्र विकास प्राधिकरणाकडे चौकशी करा. 2017 साली स्थापन झालेल्या या प्राधिकरणात 42 गावं आहेत. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा मोठी आणि घरं आठपेक्षा जास्त असतील, तर प्रकल्पाची नोंद महारेराकडे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाकडे, असावीच लागते आणि मंजूर नकाशे तिथल्या संकेतस्थळावर बघता येतात. रेरा कायद्यानुसार बुकिंगच्या वेळी मंजूर प्लॅन दाखवणं बिल्डरचं कर्तव्य आहे. "साहेब, फाइल ऑफिसात आहे, नंतर देतो" असं कुणी म्हणालं, तर टोकन देण्याचं कामही नंतरच करा.

त्याबरोबर त्या गट नंबरचा झोन दाखला (जमीन कोणत्या वापराची ते सांगणारा) आणि विकास आराखड्याचा (डी.पी.चा) भाग नकाशा काढून घ्या. शेजारच्या मोकळ्या रानावर उद्या रस्ता येणार की शाळेचं आरक्षण आहे, हे त्यावरूनच कळतं.

नकाशा वाचायला बसताना

आधी उत्तर दिशेचा बाण शोधा, मग प्रमाण बघा. 1:500 लिहिलं असेल तर कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जागेवरचे पाच मीटर, म्हणजे 9 मीटरचा रस्ता कागदावर 1.8 सेंटिमीटर भरला पाहिजे. पण झेरॉक्स लहान करून काढलेली असली की हे गणित कोलमडतं. तेव्हा पट्टीपेक्षा लिहिलेल्या मापांवर विश्वास ठेवा. रूढ पद्धतीत प्लॉटची हद्द जाड काळ्या रेषेत, नवं बांधकाम लाल रंगात आणि ड्रेनेज लाल तुटक रेषेत असतं.

कोपऱ्यात क्षेत्रफळाचा तक्ता असतो, तो ओळीओळीनं वाचा. सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्डावरचं क्षेत्र आणि तक्त्यातलं क्षेत्र जुळतं का? जुळत नसेल तर भूमी अभिलेखची मोजणी कधी झाली ते विचारा. मोजणीच्या हद्दखुणा जागेवर दिसल्या पाहिजेत.

पाणी कुठून येतं, कुठं जातं

कोल्हापुरात सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. 2005, 2019 आणि 2021 हे तीन पूर या गावानं पाहिले आहेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या पुढे गेलं.

"नदी इथून लांब आहे" हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. त्यानं निर्धास्त होऊ नका. पंचगंगा फुगली की जयंती नाल्यासारख्या नाल्यांचं पाणी नदीत शिरू शकत नाही. ते मागं तुंबतं आणि नदीचं पाणीही नाल्यातून वर चढतं. शाहूपुरीच्या काही भागांत आणि दुधाळीत पाणी शिरतं ते याच फुगवट्यानं. म्हणून नदीपासूनचं अंतर विचारू नका, जवळच्या नाल्यापासूनचं अंतर आणि त्याच्या काठाची उंची विचारा.

पाटबंधारे खात्याच्या पूररेषा मंजूर नकाशावर आहेत का बघा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मधला पट्टा बांधकामासाठी निषिद्ध आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे अटींवर परवानगी मिळू शकते. साइट अशा पट्ट्यात असेल तर आर्किटेक्टला एकच प्रश्न विचारा: प्लिंथची, म्हणजे जोत्याची, उंची समोरच्या रस्त्यापासून मोजली आहे की लाल रेषेच्या पातळीपासून? सखल रस्त्यापासून तीन फूट वर असलेला प्लिंथही पुराच्या पातळीखाली असू शकतो. आणि प्लिंथ वर असला तरी खालचं पार्किंग, मीटरची खोली आणि पाण्याची टाकी कोणत्या पातळीवर आहेत? पूर ओसरल्यावर आठ-आठ दिवस लाइट येत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा बुडालेलं मीटर पॅनेल असतं.

टेकडीकडच्या साइटला पुराची भीती नाही, पण तिथं ओघळ असतात. कंटूरच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, रेषा बघा. त्या जिथं वरच्या अंगाला टोक करून वळतात, तिथून पावसाचं पाणी वाहतं. त्याच जागी प्लॉट पाडले असतील आणि चर किंवा मोरी दाखवली नसेल, तर पहिल्या जोरदार पावसात पाणी कंपाउंड फोडून आपली वाट काढेल. ओढा सरळ करून किंवा पाइपात घालून वर बाग दाखवली असेल, तर पाइपचा व्यास आणि त्याची मंजुरी विचारा.

कागदावर जे कळत नाही ते शेजारच्या टपरीवर कळतं. "मामा, एकोणीसला पाणी कुठवर आलतं?" एवढं विचारा. माणसं भिंतीवरचा डागच दाखवतात. दोन-तीन ठिकाणी विचारा आणि त्या जागेचा फोटो काढून ठेवा.

रस्ता

ले-आउटमधले रस्ते साधारण 9 मीटरपासून पुढे असतात आणि लांबी वाढेल तशी रुंदीही वाढावी लागते. त्याहून महत्त्वाचा आहे तो गेटपर्यंत येणारा रस्ता. आपल्याकडे बऱ्याच नव्या साइट पाणंदीवर, म्हणजे शेतांमधल्या वाटेवर, आहेत. पाणंद नकाशावर किती रुंद आहे, जागेवर किती उरली आहे आणि ती रुंद व्हायला कुणाकुणाची जमीन लागणार आहे? "पुढे 12 मीटरचा डी.पी. रस्ता होणार" असं ऐकलं तर भाग नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा, आणि तो होईपर्यंत ट्रक कुठून येणार हेही विचारा.

राजारामपुरीच्या गल्ल्या आठवा. मुख्य रस्ता आणि त्याला मिळणाऱ्या नंबराच्या गल्ल्या, नवखा माणूसही पत्ता शोधतो. नव्या ले-आउटमध्ये रस्ता मधेच बंद होत असेल तर तिथं कचऱ्याची गाडी आणि अग्निशमन बंब वळेल का, हे तपासा.

मोकळी जागा

4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या ले-आउटमध्ये सर्वसाधारणपणे 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. 6000 चौरस मीटरच्या जमिनीत ती सुमारे 600 चौरस मीटर, म्हणजे सहा गुंठ्यांना थोडी कमी. आता ती नकाशावर शोधा. नाल्याच्या काठाची वाकडी पट्टी, हाय टेन्शन तारेखालची जागा किंवा ट्रान्सफॉर्मरच्या मागचा त्रिकोण यांची बेरीज करून टक्केवारी जुळवली असेल, तर मुलांना खेळायला काही उरत नाही. ही जागा रस्त्यावरून दिसणारी, चौरसाच्या जवळ जाणारी आणि घरांच्या खिडक्यांसमोर असावी, असं माझं ठाम मत आहे. म्हातारी माणसं आणि लहान मुलं तिथंच संध्याकाळ काढतात.

एक गोष्ट बारकाईनं बघा: हिरवळीवर तुटक रेषेत "भावी विस्तार" किंवा "टप्पा 2" लिहिलंय का? तसं असेल तर आज तुमच्या बाल्कनीसमोर दिसणारी बाग ही उद्याची इमारत आहे.

पार्किंग

चारचाकीला 2.5 बाय 5 मीटर जागा धरतात. दोन खांबांमधलं मोकळं अंतर 4.6 मीटर असताना तिथं दोन गाड्या काढलेल्या असतील, तर दोन्ही गाड्यांची दारं उघडणार नाहीत. चालू साइट असेल तर टेप लावून मोजा. दुचाकींची जागा वेगळी दाखवली आहे ना, तेही बघा. कोल्हापुरात घरटी दोन दुचाक्या असतातच.

लेखी घ्या

शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस लागून राहिला असताना साइटवर जा. मंजूर नकाशाची प्रत हातात घेऊन हद्दीनं एक फेरी मारा आणि जुळत नसेल तिथं पेन्सिलनं खूण करा. त्या खुणांचे प्रश्न बिल्डरला ई-मेलनं पाठवा, फोनवर विचारू नका. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम त्याला घेता येत नाही, तेव्हा उत्तर येईपर्यंत थांबायला तुमच्याकडे वेळ असतो.

मंजूर ले-आउट बदलायचा तर इतर घर घेणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लोकांची लेखी संमती लागते. म्हणूनच काही करारनाम्यांत "भविष्यातील सर्व बदलांना माझी संमती आहे" अशी एक ओळ मधेच घातलेली असते. वकिलाकडून ती शोधून घ्या, काढायला लावा आणि ज्या मंजूर ले-आउटवर तुम्ही खुणा केल्या, त्याचीच स्वच्छ प्रत क्रमांक-तारखेसह कराराला जोडून दोघांच्या सह्या घ्या.