स्काऊटचा गणवेश: डाव्या-उजव्याच्या घोळापासून बिल्ल्यांपर्यंत, या चुका टाळा

पथक हाती घेतलं त्या पहिल्या वर्षी मी फळ्यावर शर्टाचं चित्र काढलं, दोन खिसे दाखवले आणि कुठला बॅज कुठे ते लिहून दिलं. पुढच्या शनिवारी बारा मुलांच्या खिशांवर बॅज उलटसुलट शिवलेले होते. चूक माझी होती. मी समोरून दिसणारा शर्ट काढला होता आणि मुलांनी, त्यांच्या आयांनी, कोपऱ्यावरच्या शिंप्याने तो तसाच उतरवला. बारा आयांना पुन्हा शिवण उसवावी लागली, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून पालकसभेत मी आधी हेच सांगतो: डावं आणि उजवं घालणाऱ्याचं धरायचं, बघणाऱ्याचं नाही. आरशात बघून तर मुळीच ठरवू नका.

हे लक्षात ठेवायला मुलांना एक खूण देतो. स्काऊट हस्तांदोलन डाव्या हाताने करतो. ज्या हाताने आपण दुसऱ्या स्काऊटला भेटतो, त्याच बाजूच्या खिशावर सदस्यता बॅज. भारत स्काऊट्स आणि गाईड्सचा हा बॅज हिरव्या कापडावर पिवळ्या चिन्हाचा असतो आणि डाव्या खिशाच्या मधोमध लागतो. जांभळ्या कापडावर पांढरं चिन्ह असलेला जागतिक स्काऊट बॅज उजव्या खिशावर. संघाच्या, म्हणजे पथकातल्या मुलांच्या छोट्या गटाच्या, रंगाच्या दोन पट्ट्या डाव्या खांद्यावर, सोपानाचा म्हणजे प्रशिक्षणातल्या टप्प्याचा बॅज डाव्या बाहीवर. एकेका कौशल्यासाठी मिळणारे प्रावीण्य बॅज तेवढे उजव्या बाहीवर. थोडक्यात, मुलाचा संघ आणि त्याची सोपानाची वाट डावीकडे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. देशात स्काऊटिंग चालवणाऱ्या दुसऱ्याही संस्था आहेत, त्यांचे नियम वेगळे. मी लिहितोय ते भारत स्काऊट्स आणि गाईड्सपुरतं. शाळेचं पथक कुठल्या संस्थेशी जोडलेलं आहे, हे खरेदीला बाहेर पडण्याआधी विचारून घ्या.

सगळ्यात मोठी चूक मात्र जागेची नाही, वेळेची आहे. जूनमध्ये पालक लक्ष्मी रोडवर जातात, दुकानदार पूर्ण संच पुढे करतो आणि मूल पहिल्याच शनिवारी सगळे बॅज लावून हजर होतं. त्यामागचं प्रेम मला समजतं. पण सदस्यता बॅज विकत घेऊन लावायचा नसतो. मूल आधी प्रवेशाचा अभ्यासक्रम करतं, त्याला किमान तीन महिने जातात, मग दीक्षा विधीत ते वचन घेतं आणि तेव्हा बॅज त्याच्या अंगावर चढतो. त्या दिवशी पथकासमोर उभं राहून वचन म्हणताना भल्याभल्या दंगेखोर मुलांचा आवाज कापरा झालेला मी ऐकला आहे. बॅज आधीच खिशावर असेल तर त्या दिवशी त्याला द्यायला आमच्या हातात काय उरतं? संच आणलाच असेल तर बॅज एका पाकिटात घालून मास्तरांकडे देऊन ठेवा.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे जुना सोपान तसाच ठेवून नवा खाली शिवणं. प्रथम सोपान झाला की तो लावायचा, द्वितीय मिळाला की प्रथम काढून त्याच जागी द्वितीय, तृतीय मिळाला की द्वितीय निघतो. बाहीवर एका वेळी एकच. एका चाचणी शिबिरात माझ्या एका मुलाच्या बाहीवर दोन सोपान होते म्हणून तपासणाऱ्यांनी त्याला सगळ्यांसमोर रांगेबाहेर काढलं. आईने हौसेने दोन्ही ठेवले होते, मुलाला नियम कुणी सांगितलेलाच नव्हता. चूक दाखवायलाच हवी, पण बाजूला घेऊन. गणवेशातल्या चुका बहुतेक वेळा मोठ्यांच्या असतात आणि लाज मुलाला वाटते. मला हे कधीच पटलेलं नाही.

आता सुई-दोऱ्याकडे वळू, कारण खरी अडचण घरी तिथेच येते. शिंपी बॅज मशीनवर मारतो आणि खिसाच शिवून टाकतो. मुलाला त्या खिशात वही-पेन्सिल ठेवता येत नाही. खिशावरचा बॅज हातशिलाईनेच लावा. खिशात एक जाड पुठ्ठा सरकवला की सुई मागच्या कापडात जात नाही. खिशाला झाकण असेल तर मधोमध म्हणजे झाकणाखाली जो भाग उघडा दिसतो त्याचा मध्य. झाकणाने अर्धा झाकलेला बॅज मी दर वर्षी बघतो. बाहीचा बॅज शर्ट टेबलावर पसरून लावू नका, तो हमखास पुढे किंवा पाठीमागे सरकतो. मुलाला शर्ट घालायला लावा, हात सरळ खाली सोडायला सांगा, खांदा आणि कोपर यांच्या मधली जागा बघून सेफ्टी पिन लावा, मग शर्ट काढून शिवा.

जागतिक बॅज उलटा लागला हे कसं ओळखायचं? चिन्हाभोवती पांढरी दोरी आहे आणि तिला एक गाठ आहे. ती चौकोनी गाठ, जी मुलं गाठींच्या पहिल्याच धड्यात शिकतात. ती खाली यायला हवी. मुलालाच विचारा, तो बरोबर सांगेल. याच बॅजचा जांभळा रंग काही वेळा शर्टावर उतरतो आणि करड्या कापडावरचा तो डाग सहज जात नाही. म्हणून शिवण्याआधी बॅज गार पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा, रंग येत असेल तर तो थांबेपर्यंत खळबळून घ्या. बॅज काढल्यावर सुईची भोकं दिसत राहिली तर तिथे पाण्याचा हात लावून नखाने कापड हलकं घासायचं आणि आतल्या बाजूने इस्त्री करायची. बरीचशी मिटतात. दोरा बॅजच्या काठाच्या रंगाचा घ्या. बोहरी आळीत मिळाला नाही असा रंग अजून मला आठवत नाही.

मुलींच्या पालकांनी एक बघावं. गाईडचा जागतिक बॅज वेगळा असतो, निळ्यावर सोनेरी त्रिदल. घाईत स्काऊटचा जांभळा उचलला जातो. आपल्या पुण्यातल्या मुलींना तर हे त्रिदल जवळचं वाटायला हवं. जगभरच्या गाईड्सचं ‘संगम’ हे जागतिक केंद्र 1966 पासून आळंदी रस्त्यावर आहे आणि तिथे येणारी परदेशी गाईड आपल्या मुलीला ओळखते ती याच खुणेवरून.

स्कार्फबद्दल मी जरा जास्त बोलतो, कारण अंगावरच्या सगळ्या वस्तूंमध्ये प्रत्यक्ष कामाला येणारी हीच. हात मोडला तर झोळी, डोक्याला लागलं तर पट्टी. त्यासाठी तो पुरेसा मोठा हवा: त्रिकोणाच्या दोन सारख्या बाजू 70 ते 80 सेंटिमीटर. बाजारातले काही तयार स्कार्फ इतके लहान असतात की मोठ्या मुलाच्या हाताची झोळी त्यात होत नाही. घरी करायचा तर 75 सेंटिमीटरचा चौकोन तिरका कापा, दोन स्कार्फ होतात, शेजारच्या मुलाचंही काम भागतं. रंग पथकाचा, आणि तो हिरवा, पिवळा किंवा जांभळा नसतो. गुंडाळताना लांब बाजूकडून दोन बोटं रुंदीच्या घड्या घालत टोकाकडे जा आणि पाठीवर वीतभर त्रिकोण मोकळा ठेवा. पूर्ण गुंडाळून दोरी केली की तो स्कार्फ राहत नाही. स्कार्फ शर्टाच्याच खांद्यावरच्या कापडी पट्ट्यांच्या खाली खोचू नका, वरून घ्या. वॉगल, म्हणजे गळ्याशी स्कार्फ अडकवायची कडी, पथकाचा. चामड्याच्या वेणीचा गिलवेल वॉगल हा प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांचा असतो, तो सुंदर दिसतो म्हणून मुलाला आणू नये.

टोपी गडद निळी बेरे. चामडी पट्टी कपाळावर आडवी सरळ, भुवयांच्या दोन बोटं वर. बॅज डाव्या डोळ्यावर, सैल भाग उजवीकडे दाबलेला, मागच्या नाडीची गाठ आत. नवी लोकरी टोपी डोक्यावर फुगून बसते. ती कोमट पाण्यात ओली करून पिळून डोक्यावरच आकार द्यायचा आणि सावलीत वाळवायची. गरम पाण्यात धुतली तर ती आटते आणि मग धाकट्या भावाच्याच कामाची.

शर्ट पोलादी करडा, पँट गडद निळी. आजोबांच्या फोटोत खाकी दिसते, ती त्या काळची. जीन्स चालत नाही. बूट काळे, लेसचे, मोजे काळे, पी.टी.चे पांढरे बूट घरी ठेवा. पथकाच्या नावाची पांढऱ्यावर लाल अक्षरांची पट्टी दोन्ही खांद्यांवर लागते, एकावर नाही. शिबिरांमध्ये मिळालेले आठवणीचे बिल्ले शर्टावर लावायची मुलांना फार हौस असते. त्यांच्यासाठी एक जुनी चादर किंवा कापडी पिशवी द्या, त्यावर हवे तेवढे शिवू देत.

काढलेले सोपान टाकू नका. आमच्या पथकातली मुलं ते लॉगबुकच्या पानावर चिकटवतात आणि शेजारी मिळाल्याची तारीख लिहितात. सिंहगडाच्या हाइकला निघताना पाठीवरच्या पिशवीत सुई, करडा दोरा आणि चार सेफ्टी पिना ठेवा. वाटेत एखादा बॅज निघतोच.